डब्यातली नाणी, पेटीतली नाणी

तुमच्या घरी एखादा जुना पत्र्याचा डबा आहे का? बहुतेक घरांत असतो. कुठे माळ्यावर असतो, कुठे धान्याच्या कणगीमागे. डब्यात काय असते? गंजलेली किल्ली असते, तुटका चष्मा असतो आणि तळाशी मूठभर जुनी नाणी असतात. आजोबांनी ठेवली, आजीने जपली, पुढे सगळे विसरले.

मग एक दिवस कुणीतरी म्हणते, "अहो, जुन्या नाण्यांना लाखांनी किंमत येते!" झाले! डबा खाली येतो आणि घरात कुजबुज सुरू होते.

हे खरे की खोटे? थोडे खरे आहे, पुष्कळसे खोटे आहे. खरे कोणते आणि खोटे कोणते, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी हा धडा.

मावशींचा डबा

आमच्या आळीत एक मावशी राहतात. त्यांचे यजमान एस. टी. त कंडक्टर होते. दिवसभर चिल्लर हातात. एखादे वेगळे नाणे दिसले की ते बाजूला काढायचे आणि तेवढेच पैसे आपल्या खिशातून बॅगेत टाकायचे. पै पैचा हिशेब चोख. अशी तीस वर्षे नाणी जमली. यजमान वारल्यावर डबा तसाच राहिला.

एकदा मावशींनी मला हाक मारली. जाऊन पाहतो तर परातीत चिंच कालवलेली. बाजूला राख. मावशी पदर खोचून नाणी घासत बसलेल्या.

"मावशी, हे काय चाललंय?"

"अरे मास्तर, नशीब उघडलं बघ! नातीच्या फोनवर जाहिरात आली. कमळाचं वीस पैशांचं नाणं असेल तर लाख रुपये देतात म्हणे. मी त्या माणसाशी बोलले. तो म्हणाला, आजी, नाणी स्वच्छ करून फोटो पाठवा. आणि नोंदणीचे अडीच हजार आधी भरा."

"भरले की काय?"

"उद्या भरणार. नातीला नर्सिंगला घालायचंय ना! फीचे पैसे कुठून आणू? तूच सांग."

मावशींच्या मांडीशी आणखी एक वस्तू होती. निळ्या मखमलीची छोटी पेटी. तिच्यात दोन नाणी होती. एक भले मोठे, शंभर रुपयांचे. दुसरे लहान, पाच रुपयांचे. दोन्हींवर लोकमान्य टिळकांचा मुखवटा. यजमानांनी निवृत्तीनंतर हौसेने आगाऊ पैसे भरून मागवलेला तो संच होता. मावशी म्हणाल्या, "हीपण घासते आता. चिंच उरलीच आहे."

मी चटकन पेटी उचलून घेतली. म्हटले, "मावशी, थांबा! डब्यातली नाणी आणि पेटीतली नाणी यांत फार फरक आहे. आधी तो समजून घ्या. पैसे भरायचं मग बघू."

त्या दिवशी मावशींना जे सांगितले, तेच इथे सांगतो.

नाणे कसे तयार होते

आपल्या देशात नाणी पाडण्याचा अधिकार फक्त भारत सरकारला आहे. नाणी जिथे पाडतात त्या जागेला टांकसाळ म्हणतात. सरकारच्या अशा चार टांकसाळी आहेत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ जुनी. फोर्ट भागात, रिझर्व्ह बँकेच्या समोर ती उभी आहे. तिची इमारत १८२९ सालची.

टांकसाळीत आधी धातूचा पत्रा करतात. त्यातून गोल चकत्या कापतात. चकती म्हणजे कोरे नाणे. मग पोलादाचे दोन ठसे घेतात. एका ठशावर छाप्याची बाजू उलटी कोरलेली असते, दुसऱ्यावर काट्याची. मधे चकती ठेवायची आणि यंत्राने जोरात दाबायचे. दोन्ही बाजू एकाच दाबात उमटतात. यंत्र मिनिटाला शेकडो नाणी पाडते. ती घरंगळत खाली पडतात, एकमेकांवर आपटतात, पिशव्यांत भरली जातात. तिथून रिझर्व्ह बँकेमार्फत बाजारात येतात.

चावडीवरचा शिक्का तुम्ही पाहिला असेल. नवा शिक्का, कोरा कागद, नीट दाबला, की अक्षर न अक्षर स्वच्छ उठते. तोच शिक्का झिजला आणि घाईघाईने मारला, की अक्षरे पुसट येतात. नाण्यांचेही तसेच आहे. ठसा किती नवा, चकती किती स्वच्छ, दाब किती आणि नंतर नाणे कसे हाताळले, यावर नाण्याचे रूप ठरते.

ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की संचांचे प्रकार आपोआप कळतात.

पहिला प्रकार: वापरलेल्या नाण्यांचा संच

मावशींच्या डब्यातली नाणी ही या प्रकारची. ती बाजारात फिरली. भाजीवाल्याच्या गोणपाटाखाली राहिली, कंडक्टरच्या बॅगेत खुळखुळली. त्यांचे उंचवटे झिजले, रंग काळवंडला. अशी नाणी कुणीही जमवू शकतो. त्याला वेगळा पैसा लागत नाही, नजर लागते. या संचाच्याही तीन तऱ्हा आहेत.

एक तऱ्हा जातवार. म्हणजे प्रत्येक जातीचे एकेक नाणे. आपल्या देशात नाण्यांच्या जाती पुष्कळ झाल्या. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते आणि चौसष्ट पैसे होते. १९४३ ते १९४७ या काळात भोकाचा पैसा निघाला. १९५० साली प्रजासत्ताकाची नाणी आली. त्यांच्या एका अंगाला अशोकस्तंभाचे सिंह होते. दुसऱ्या अंगाला पैशावर घोडा, आण्यांवर बैल आणि रुपयावर गव्हाच्या ओंब्या.

मग १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, आठ आण्यांचे पन्नास. इथपर्यंत ठीक. पण एका आण्याचे किती? सव्वासहा! पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून सरकारने कोष्टकच दिले. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस. काही वर्षे जुनी आणि नवी नाणी बरोबरच चालली. १९६४ साली लोकांना सवय झाल्यावर 'नवा' हा शब्द गळला आणि नुसता 'पैसा' राहिला. त्याच साली तीन पैशांचे सहा कोनांचे ॲल्युमिनियमचे नाणे निघाले. १९६८ साली कमळाचे वीस पैसे आले, पितळी रंगाचे. पुष्कळ घरांत ते अजून देवघरात सापडते.

दुसरी तऱ्हा सालवार. म्हणजे एकाच नाण्याचे प्रत्येक सालाचे एकेक.

तिसरी तऱ्हा टांकसाळवार. नाण्यावरच्या सालाखाली नीट पाहा. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे. चांदणी असेल तर हैदराबादचे. बारीक ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर बहुधा कोलकात्याचे. 'बहुधा' अशासाठी म्हटले, की मधल्या काळात खुणा थोड्या बदललेल्या आहेत. १९८५ च्या सुमारास मोडीची टंचाई होती, तेव्हा काही नाणी परदेशातल्या टांकसाळींतूनही पाडून आणली होती. त्यांच्या खुणा निराळ्या.

लहान मुलांना हा खेळ फार आवडतो. खिशातल्या दहा रुपयांच्या नाण्यापासून सुरुवात करता येते. १४ तऱ्हांची दहाची नाणी चालतात, आणि ती सगळी खरी आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर केले. काहींवर रुपयाचे नवे चिन्ह आहे, काहींवर नाही. हे चिन्ह नाण्यांवर २०११ पासून येऊ लागले. तेव्हा दुकानदार एखादे नाणे "चालत नाही" म्हणाला, तर त्याला हे सांगा.

दुसरा प्रकार: कोऱ्या नाण्यांचा संच

ही नाणी नेहमीच्याच यंत्रावर, नेहमीच्याच ठशाने पाडतात. पण ती बाजारात जात नाहीत. टांकसाळ त्यांतली चांगली निवडून, पाकिटात किंवा पुठ्ठ्यात घालून विकते. नाणेवाले याला 'अनसर्क्युलेटेड' म्हणतात. बोलताना 'यू. एन. सी.' म्हणतात. मराठीत सांगायचे तर बाजार न पाहिलेले नाणे.

हे ओळखायचे कसे? नाणे दिव्याखाली धरून हळूच फिरवा. त्याच्यावरची झाक गोल गोल फिरते. रेशमी पातळ उन्हात हलवले की जशी लहर धावते, तशी. उंचवट्यावर झीज नसते. मात्र बारीक ओरखडे असू शकतात. एकाच पिशवीत नाणी एकमेकांवर आपटलेली असतात, त्याचे ते व्रण. म्हणून कोऱ्या नाण्यावर टिचका दिसला तर ते खोटे आहे, असे समजू नये.

तिसरा प्रकार: प्रूफ संच

मावशींची मखमली पेटी ही या प्रकारची. 'प्रूफ' म्हणजे नमुना. पूर्वी नवे नाणे काढण्याआधी ठसा बरोबर उठतो की नाही, हे पाहायला काही नाणी मुद्दाम फार काळजीने पाडत. तो नमुना साहेबांना दाखवत. पुढे संग्राहकांना तशी नाणी हवीशी वाटू लागली आणि टांकसाळी ती विकण्यासाठीच पाडू लागल्या. प्रजासत्ताकाच्या पहिल्या नाण्यांचाही, म्हणजे १९५० सालच्या सात नाण्यांचा, मुंबईच्या टांकसाळीने प्रूफ संच काढला होता. एका पैशापासून एका रुपयापर्यंत सगळी नाणी त्यात होती.

प्रूफ नाण्याची रीत वेगळी असते. ठसा खास तयार करतात. त्याचा सपाट भाग आरशासारखा घासून चकचकीत करतात. चित्राचा खोलगट भाग मात्र मुद्दाम खरखरीत ठेवतात. चकतीलाही झिलई देतात. मग ती चकती सावकाश आणि जास्त जोराने दाबतात. एकदा नाही, दोनदा किंवा अधिक वेळा. तयार नाणे खाली पडू देत नाहीत. हातमोजे घालून उचलतात आणि एकेक बंद करतात.

त्यामुळे काय होते? नाण्याची जमीन आरशासारखी दिसते. तीत तुमचा चेहरा दिसेल. आणि वरचे चित्र दहिवरासारखे पांढुरके, दाणेदार दिसते. काळ्याभोर पाण्यावर चांदणे पडावे तसे. नाण्याची किनारही धारदार, कोरून काढल्यासारखी असते.

मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर बहुधा चौकटऐवजी इंग्रजी अक्षर असते. जुन्यांवर 'बी', अलीकडच्यांवर 'एम'. शहराच्या जुन्या आणि नव्या नावाचे ते पहिले अक्षर.

मी मावशींना पेटी उघडून दाखवली. नाण्याला हात लावला नाही. म्हटले, "बघा, यात तुमचा चेहरा दिसतो."

मावशी वाकल्या. क्षणभर पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हे रोज रात्री दिव्याखाली बघत बसायचे. मला वाटायचं, माणूस वेडा आहे."

"मावशी, यावर चिंच लागली असती तर हा आरसा कायमचा गेला असता. तो पुन्हा आणता येत नाही."

स्मृतिनाणी म्हणजे काय?

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. 'स्मृतिनाणे' ही नाण्याची प्रत नव्हे, तो नाण्याचा विषय आहे. थोर माणसाची किंवा मोठ्या घटनेची आठवण म्हणून जे नाणे काढतात ते स्मृतिनाणे. ते वापरलेले असू शकते, कोरे असू शकते, प्रूफही असू शकते.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मृतिनाणे १९६४ सालचे, पंडित नेहरूंचे. गांधीजींच्या जन्मशताब्दीला १९६९ साली वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये अशी चार नाणी निघाली. १९९० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया आला. १९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले, अकरा कोनांचे. ही साधी नाणी बाजारात खूप फिरली. कुणाच्याही डब्यात ती सापडतील. म्हणून ती दुर्मीळ नाहीत.

लोकमान्यांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली म्हणून २००७ साली त्यांची नाणी निघाली. पाच रुपयांचे नाणे बाजारातही आले. शंभराचे मात्र फक्त संचातच मिळाले. शंभर, दीडशे, हजार अशा मोठ्या रकमेची नाणी बाजारात सोडत नाहीत. ती संग्राहकांसाठीच असतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली, तेव्हा हजार रुपयांचे नाणे निघाले, ते याच जातीचे.

म्हणून कुणी "टिळकांचं नाणं आहे" असे सांगितले, तर लगेच विचारा: कितीचे? बाजारातले की संचातले? संचातले असेल तर कोरे की प्रूफ? पेटी आहे का? चार प्रश्नांत सगळे उलगडते.

दुकानात बांधलेले संच

आणखी एक प्रकार बाजारात दिसतो. कुणी व्यापारी सुटी नाणी घेतो, छापील पुठ्ठ्यात बसवतो, वर प्लॅस्टिक लावतो. दिसायला झकास. यात लबाडी आहेच असे नाही. पण तो टांकसाळीचा संच नव्हे. त्यात एखादे नाणे झिजलेले असते, एखादे घासून चमकवलेले असते. टांकसाळीच्या संचाबरोबर टांकसाळीचे नाव छापलेली पेटी किंवा पाकीट असते आणि माहितीची पुस्तिका असते. म्हणून नाण्याबरोबर पेटीही जपावी. पेटी फेकून दिली तर नाण्याचा जन्मदाखलाच हरवला असे समजा.

टांकसाळी सरकारच्या एका महामंडळाकडे आहेत. हे महामंडळ २००६ साली स्थापन झाले. संच त्याच्याकडून थेट मागवता येतात. आधी नोंदणी करायची, पैसे भरायचे, मग संच घरी येतो. संचाची किंमत नाण्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त असते. कारण तीत धातू, मजुरी, पेटी आणि कर हे सगळे धरलेले असते.

मग याचे मोल किती?

मावशींचाही हाच प्रश्न होता. "ते सगळं खरं रे. पण पैसे किती येतील?"

मी म्हटले, "मावशी, नाण्याला तीन किमती असतात. नीट ऐका."

पहिली किंमत आकड्याची. नाण्यावर लिहिलेली. पण तीही कायम राहत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने अजून चालते.

दुसरी किंमत धातूची. राणीछाप रुपया साधारण ११.६६ ग्रॅम वजनाचा. त्यात दर शंभर भागांत जवळजवळ ९२ भाग चांदी. टिळकांचे शंभराचे नाणे ३५ ग्रॅमचे. त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. ही किंमत चांदीच्या भावाप्रमाणे कुणीही काढू शकतो. पण चलनी नाणी वितळवू नयेत, फोडू नयेत. २०११ च्या नाणे कायद्याने तो गुन्हा आहे.

तिसरी किंमत हौसेची. एखाद्या संग्राहकाला ते नाणे हवे असते म्हणून तो जास्त देतो. ही किंमत तीन गोष्टींवर ठरते. अशी नाणी किती शिल्लक आहेत, नाणे कोणत्या अवस्थेत आहे आणि ते मागणारे किती आहेत. नुसते जुने असून भागत नाही. कमळाचे वीस पैसे जुने आहेत, पण ते अमाप पाडले आणि घरोघरी पडून आहेत. त्याला लाख रुपये कोण देणार? आणि का देणार?

नव्या संचांचेही असेच. काही संचांचा भाव वाढतो, काहींचा घेतला त्यापेक्षा उतरतो. म्हणून लेकीच्या लग्नाचे किंवा शिक्षणाचे पैसे संचात गुंतवू नयेत. हौस असेल तर हौसेपुरते घ्यावे.

नाणी जपावी कशी?

पहिली गोष्ट: नाणी घासू नयेत. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितांबरी, काही लावू नये. काळवंडलेले नाणे संग्राहक घेतो. घासलेले नाणे तो बाजूला सारतो. घासलेले नाणे चकाकते खरे, पण त्याची झाक फिरत नाही आणि त्यावर केसासारख्या बारीक रेघा दिसतात. पारखी माणूस क्षणात ओळखतो.

दुसरी गोष्ट: नाणे दोन बोटांनी कडेला धरावे. तळहाताचा घाम नाण्यावर डाग पाडतो. प्रूफ नाणे तर बंद पेटीतून काढूच नये.

तिसरी गोष्ट: नाण्यांना रबर लावू नये. मऊ, चिकट वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवू नये. त्याने नाण्यावर हिरवट चिकटा येतो. जाड कागदाची छोटी पाकिटे चांगली. पाकिटावर साल आणि टांकसाळ लिहून ठेवावी.

चौथी गोष्ट: कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा ओली असते. डबा कोरड्या जागी ठेवावा. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी पुडी येते, ती डब्यात टाकावी.

लाखांची जाहिरात

आता सर्वांत महत्त्वाचे. जो माणूस नाणे विकत घेणार आहे, तो तुम्हाला पैसे देईल. तो तुमच्याकडे पैसे मागेल का? बाजारात तुम्ही वांगी विकायला बसलात आणि गिऱ्हाईक म्हणाले, "आधी मला अडीच हजार द्या, मग तुमची वांगी लाखाला घेतो," तर तुम्ही काय म्हणाल?

हे लोक असेच करतात. आधी नोंदणी, मग कर, मग दलाली. कधी रिझर्व्ह बँकेचे नाव आणि शिक्का दाखवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले. आपण जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही आणि आपल्या नावाने ते मागण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट सांगितले.

म्हणून कुणालाही आधी पैसे भरू नका. खात्याचा नंबर, आधारचा नंबर, फोनवर आलेला आकडा, काही सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा आणि पोलीस ठाण्यात जा. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे परत मिळण्याची आशा जास्त.

पुढे काय झाले?

मावशी बराच वेळ गप्प होत्या. परातीतले पाणी त्यांनी मोरीत ओतले. घासलेली नाणी पदराने पुसून एका फडक्यावर मांडली. मग म्हणाल्या, "म्हणजे लाख येणार नाहीत."

"नाही, मावशी."

"आणि मी घासली, ती बिघडली."

"ती साधीच होती. फार बिघडलं नाही. पेटी वाचली, हे बरं झालं. आणि अडीच हजार वाचले, ते आणखी बरं झालं."

तेवढ्यात तो फोन पुन्हा आला. मावशींनी तो कानाला लावला. समोरचा माणूस गोड बोलत होता. मावशींनी सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाल्या, "बाबा, तुझे अडीच हजार तू लाखातून कापून घे. उरलेले साडेसत्त्याण्णव हजार मला आणून दे." फोन कट झाला. पुन्हा कधी आला नाही.

नातीच्या फीसाठी मी त्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज आणून दिला. तो भरला आहे. उत्तराची वाट पाहत आहेत. आणि संध्याकाळी आजी आणि नात डबा घेऊन बसतात. नात भिंग लावून साल वाचते, मावशी पाकिटावर लिहितात. मावशी गेल्या वर्षीच आमच्या वर्गात लिहायला शिकल्या. पहिल्या पाकिटावर त्यांनी सावकाश लिहिले: 'तीन पैसे. १९६४. ह्यांनी जमवले.'

मखमली पेटी कपाटात आहे. ती विकायची नाही, असे दोघींनी ठरवले आहे.

आपसात बोला

१. तुमच्याजवळच्या पाच नाण्यांवरची साले आणि खुणा पाहा. ती कोणत्या टांकसाळीची आहेत?

२. कोरे नाणे आणि प्रूफ नाणे यांत फरक कोणता? तो दिव्याखाली कसा ओळखाल?

३. स्मृतिनाणे दुर्मीळ असतेच का? का नाही?

४. जुने नाणे विकत घेतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर तुम्ही काय कराल?